मिरवणूक पुढं गेल्यावर

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. ‘बंधाऱ्यावर किती फूट?’ हा असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना पोचली की इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. 2019 च्या महापुरानं ते सगळ्या गावाकडून घोटून घेतलं. 2024 च्या जुलैअखेरीस पाण्यानं पुन्हा 43 ची रेघ ओलांडली होती. गावाचं अर्धं लक्ष नदीकडं असतानाच 1 ऑगस्टच्या दुपारी फ्रान्समधल्या शातोरू नावाच्या गावात स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकचं ब्राँझपदक मिळवलं. आणि पुढच्याच आठवड्यात, 8 ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं.

तिथून पुढं वर्षभर कोल्हापूर बातम्यांतून हललंच नाही. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर आमची चप्पल, जुलैत नांदणीची हत्तीण, ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. पेपरातलं एकही पान आम्ही मोकळं सोडलं नाही. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारायला लागले, ‘तुमच्याकडं चाललंय तरी काय?’ मी मंगळवार पेठेत जन्मले, तिथंच वाढले आणि लग्न होऊन गेले तेही दोन गल्ल्या पलीकडं. त्यामुळं या सगळ्या गर्द्यांत मी कुठं ना कुठं होतेच. ओरडले, रडले, सगळं केलं. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या प्रेमात खोट नाही, पण ते जागं होतं ते पदक गळ्यात पडल्यावर, नाहीतर वस्तू हातची गेल्यावर. मधल्या काळात ते कुठं असतं, हे पन्नाशी उलटली तरी मला उमगलेलं नाही.

स्वप्नीलची फायनल माझ्या भावानं आणि त्याच्या तालमीतल्या पोरांनी आमच्याच घरी बसून पाहिली. कुस्ती आणि फुटबॉलवर पोसलेली पोरं. रायफलचे गुण कसे मोजतात हे एकालाही ठाऊक नव्हतं. आधी गुडघ्यावर बसून मारायचं, मग पालथं पडून, मग उभं राहून, आणि एका गोळीला जास्तीत जास्त 10.9 मिळतात, एवढं टीव्हीकडं बघत बघतच कळलं. पहिल्या दोन अवस्थांतल्या तीस गोळ्या संपल्या तेव्हा तो 310.1 वर पाचवा होता. दोघं-तिघं चहाला म्हणून उठून गेले. मग उभ्यानं मारायचं सुरू झालं आणि हा गडी एकेकाला मागं टाकत तिसरा आला. अर्ध्या तासापूर्वी ज्यांना 10.9 माहीत नव्हतं, तीच पोरं 9.4 पडल्यावर कपाळ बडवून घ्यायला लागली. 451.4 वर ब्राँझ नक्की झालं आणि चहाला गेलेले परत येईपर्यंत गल्लीत फटाके सुरू झाले होते. त्या सकाळी त्यानं काही खाल्लं नव्हतं, नुसता काळा चहा घेतला होता, हे नंतर कळलं. त्यावर आमच्या तालमीत बराच वेळ चर्चा झाली. सामन्याच्या दिवशी उपाशी राहणं कोल्हापूरच्या खुराकाच्या हिशेबात बसत नाही.

खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. साहजिकच गाव पेटलं. चौकाचौकांत डिजिटल बोर्ड लागले. बोर्डावर स्वप्नील एका कोपऱ्यात आणि उरलेल्या जागेत शुभेच्छुक. पण हिशेब मांडला तर काय दिसतं? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. लहान वयात घर सोडून नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढं पुण्यात बालेवाडीला आला, 2015 पासून रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याला उभं केलं त्याच्या घरानं, प्रशिक्षकांनी आणि रेल्वेच्या पगारानं. आम्ही शुभेच्छुक.

आणि नेमबाजी म्हणजे कोल्हापूरला काल कळलेली गोष्टही नव्हे. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. दोघी याच गावच्या. त्या वेळीही पेढे वाटले होते, मला आठवतं. पेढे वाटून झाल्यावर त्यांच्यामागून येणाऱ्या पोरींनी गोळ्या कशाच्या पैशातून आणायच्या, असा विषय कुठल्या तालमीच्या बैठकीत निघाल्याचं मात्र आठवत नाही. आमच्याकडं बैठक होते ती मिरवणुकीचा मार्ग ठरवायला.

खाशाबांची गोष्ट सगळे सांगतात, भाषणात तर हमखास सांगतात. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा परतले तेव्हा बैलगाड्यांची भलीमोठी मिरवणूक निघाली. आणि मग ऑलिंपिकचं पदक मिळवलेला हा माणूस पुन्हा लंगोट कसून कुस्त्यांची मैदानं भरवत फिरला, प्राचार्यांचं घर सोडवायला. भाषणं नेहमी बैलगाड्यांपाशी संपतात. मला त्या घराचं वाटतं. मिरवणुकीत हजारो माणसं होती, त्यांनी प्रत्येकी एक रुपया काढला असता तर? पण हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही आणि आताही मांडत नाही. स्वप्नीलला राज्य सरकारनं एक कोटी जाहीर केले, पुढं त्याच्या वडिलांनी हरियाणातल्या खेळाडूंना किती मिळतं हे बोलून दाखवलं, तर दोन महिन्यांपूर्वी बोर्ड लावणारे म्हणायला लागले, ‘जरा जास्तच होतंय.’ शिक्षकाच्या पगारात पोराची नेमबाजी सांभाळलेल्या माणसाला जास्त काय असतं ते आम्ही शिकवणार.

नाट्यगृहाबद्दल लिहिताना मात्र मला तटस्थ राहता येत नाही. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. आमच्या संस्थेत प्रॉम्प्टर म्हणजे संहिता हातात, कंबर मोडलेलं स्टूल आणि विंगेतला असा कोपरा, जिथून नटाचा कान दिसतो पण प्रेक्षकाला आपण दिसत नाही. केशवरावमध्ये त्या कोपऱ्यात बसलं की बाजूच्या लाकडाला तेलरंगाचा, धुळीचा आणि कुणाच्या तरी अत्तराचा मिळून एक वास यायचा. भाव खाणारा नट वाक्य विसरला की विंगेकडं न बघता नुसता उजवा खांदा किंचित खाली करायचा. मग मी शब्द सोडायचा. त्या रंगमंचाची खुबी अशी की हळू सोडलेला शब्दही नीट पोचायचा, कधी कधी पहिल्या रांगेलाही. तिथं बसलेल्या एका आजोबांनी मध्यंतरात येऊन मला सांगितलं होतं, ‘बाई, तुमचं काम चांगलं झालं.’ नट आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

हे थिएटर राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं. 1915 साली ते उभं राहिलं तेव्हा नाव पॅलेस थिएटर होतं, केशवराव भोसल्यांचं नाव 1957 मध्ये लागलं. भिंतीला भिंत लागून खासबाग कुस्तीचं मैदान, तेही महाराजांचंच. रोममध्ये कलोसियम पाहून आल्यावर त्यांनी ते उभारलं. म्हणजे एकीकडं संगीत नाटक, पलीकडं लाल माती. जगात असे शेजारी दुसरीकडं कुठं असतील तर मला ऐकायला आवडेल. केशवराव स्वतः 1890 ला जन्मले आणि 1921 मध्ये गेले, अवघे 31 वर्षांचे होऊन. तेवढ्यात ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली, चालवली, आणि जाण्याआधी काही महिने टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान करून मुंबई हलवून सोडली. त्यांचा जन्मदिवस 9 ऑगस्ट. आग लागली ती आदल्या रात्री.

मी पोचले तोवर छप्पर धरलं होतं. मागच्या बाजूनं, रंगमंचाकडून ज्वाळा वर जात होत्या आणि जुनं लाकूड तडतडत होतं. रस्ता माणसांनी भरलेला. त्यात पन्नास वर्षं नाटक केलेले म्हातारे होते, पडदा ओढणारे होते, आणि ज्यांनी आयुष्यात तिकीट काढून नाटक पाहिलं नसेल असेही खूप होते. सगळे सारखेच रडत होते. मला त्या रडण्यात खोटं काहीही दिसलं नाही. माझ्या शेजारी एक रिक्षावाला होता. त्याची आई लहानपणी त्याला तिथं भजनाच्या कार्यक्रमाला घेऊन यायची म्हणे. तो बोलता बोलता मोबाइलवर शूटिंगही करत होता आणि डोळेही पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आश्वासनं सुरू झाली. जसंच्या तसं उभारू, निधी देऊ, वर्षभरात पडदा उघडू. निधी मिळाला, कामही सुरू झालं, टप्प्याटप्प्यानं चाललंय. समोरची दगडी भिंत वाचली होती, तिला धरून बाकीचं. त्याबद्दल तक्रार नाही. जुन्या पद्धतीचं काम घाईनं करू नये, हे मलाही कळतं. माझं म्हणणं आगीच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. आग कशी लागली याची चौकशी ज्यांनी करायची त्यांनी करावी. मी फक्त एवढं सांगते की महाराष्ट्रातली बरीच नाट्यगृहं मी विंगेतून पाहिलीत, आणि विंगेतून नाट्यगृह जसं दिसतं तसं ते उद्घाटनाला येणाऱ्यांना कधी दिसत नाही. एका गावी, गाव कुठलं ते सोडा, भिंतीवर ‘फायर’ लिहिलेल्या तीन लाल बादल्या टांगलेल्या होत्या. एकीत चहाचे कागदी कप, दुसरीत पान खाऊन टाकलेल्या पिचकाऱ्या, तिसरीत वाळू होती, पण तिच्यात कुणीतरी अगरबत्त्या खोचल्या होत्या. रंगदेवतेच्या पूजेच्या. लाइटच्या बोर्डातून दोन वायरी नुसत्याच बाहेर आलेल्या, टोकाला चिकटपट्टी. आमच्या लाइटवाल्यानं त्या बघितल्या आणि ‘याला हात लावायचा नाही’ म्हणून पोरांना बजावलं. आम्ही हात लावला नाही. प्रयोग केला, टाळ्या घेतल्या, गाडी भरली आणि निघालो. त्या वायरी आजही तशाच असतील.

आमच्या शहराबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 2020 च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर निवडणूक झाली ती थेट 2026 च्या जानेवारीत. मधली पाच वर्षं प्रशासक. नगरसेवक असते तर आग लागलीच नसती असं मी म्हणणार नाही, एवढी मी भोळी नाही. पण गटार तुंबलं तरी ज्याच्या दारात जाऊन भांडता येतं असा माणूस वॉर्डात असणं आणि नसणं यात फरक असतो. पाच वर्षं आम्ही कुणाच्या दारात गेलो नाही. निवडणूक घ्या म्हणून मोर्चाही काढला नाही. ज्या गावात टोलविरोधात वर्षानुवर्षं आंदोलन चालून शेवटी टोल बंद झाला, त्या गावाला हे जमलं नसतं असं थोडंच आहे!

हत्तिणीचं प्रकरण सगळ्यात अवघड. त्याच्यावर लिहू नको असं घरातूनही सांगून झालंय.

शिरोळ तालुक्यातल्या नांदणीचा जैन मठ फार जुना, आणि तिथली महादेवी, लोकांची माधुरी, तीसेक वर्षांपासून मठात होती. पंचकल्याणक पूजा असो की गावची मिरवणूक, ती पुढं. आमच्या आत्याचं सासर त्या बाजूचं. आत्या गावाहून आली की घरातल्या माणसांबरोबर माधुरीचीही खबर द्यायची. प्राणिमित्र संस्थेची तक्रार, तपासणी, उच्चाधिकार समितीचा अहवाल असं होत होत 2025 च्या 16 जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामनगरला वनतारात, म्हणजे रिलायन्सवाल्या अंबानींच्या प्राणी-केंद्रात, पाठवायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि महिनाअखेरीस तिला नेलं. निरोपाच्या मिरवणुकीत अख्खं गाव रस्त्यावर होतं.

मग 3 ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत पदयात्रा निघाली. 45 किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आणि चालत होते शेतकरी, बायका, म्हातारी माणसं, जैन, मराठा, मुसलमान, सगळे. मी वाटेत पाण्याच्या बाटल्या देणाऱ्यांत उभी होते. एका बाईच्या पायात साध्या रबरी सपाता, त्यातली एक तुटलेली, दोरीनं बांधलेली. म्हटलं मावशी, रिक्षात बसा थोडं. म्हणाली, ‘ती गाडीतनं गेली न्हवं का एवढ्या लांब, मी चालती.’ यावर मी काय बोलणार होते?

दुसरीकडं पोरांनी रिलायन्सवर राग काढायचं ठरवलं आणि जिओची सिमं पोर्ट करायची लाट आली. गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानापुढं रांग. आमच्या शेजारचा एकजण सर्वांत पुढं होता. घोषणा देऊन घसा बसला, आणि काउंटरवर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की बँकेचा, गॅसचा, पोराच्या कॉलेजचा असा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि पोर्टिंगच्या भानगडीत एक दिवस जरी फोन बंद पडला तरी हप्ता चुकेल. ‘उद्या येतो’ म्हणून घरी आला. अजून जिओच आहे. पण हसू नका, हजारो लोकांनी खरोखर बदललं, आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात वनताराला दिलगिरीचं निवेदन काढावं लागलं, नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवावी लागली. एवढ्या मोठ्या घराण्याला एका तालुक्यानं चार दिवसांत बोलतं केलं, याचा मला कोल्हापूरची म्हणून अभिमान वाटला. तो मी लपवत नाही.

आता दुसरी बाजू. समितीच्या अहवालात माधुरीच्या पायाला झालेल्या सडण्याच्या आजाराचा, वाढलेल्या नखांचा, अंगावरच्या जखमांचा उल्लेख होता. ती सारखं डोकं हलवत राहते असंही होतं. ते डोकं हलवणं आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. ‘बघ, कशी डुलतीया’ असं म्हणत लहान पोरांना दाखवलेलं. एकट्या हत्तीचं ते डुलणं आनंदाचं नसतं, हे एका पशुवैद्यानं मला समजावून सांगितलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. हत्ती कळपात राहणारा प्राणी. ही एकटी, पायाखाली काँक्रीट. मठानं तिला छळलं असं मला वाटत नाही. त्यांचा जीव होता तिच्यावर, तो खोटा म्हणणाऱ्यांनी त्या पदयात्रेत यायला हवं होतं. पण पाच वर्षांपूर्वी कुणी नांदणीत येऊन म्हटलं असतं, की माधुरीच्या पायाखाली मऊ मातीचं मैदान करू, महिन्याला एक हत्तीचा डॉक्टर आणू, सोबतीला दुसरी हत्तीण कशी देता येईल ते बघू, त्यासाठी वर्गणी काढू, तर किती जमले असते? मिरवणुकीत तिच्या सोंडेला नाणं देणाऱ्यांतले किती?

ती जामनगरला बरी असेल का? असेलही. तिच्यासाठी तिकडं तलाव आहे, डॉक्टर आहेत. पण एका देवस्थानाची हत्तीण सांभाळायला देशातल्या सर्वांत श्रीमंत घराकडं न्यावी लागते, दुसरी सोय कुठंच नाही, ही गोष्ट मला अजून टोचते. सरकारचं हत्तींसाठीचं पुनर्वसन केंद्र महाराष्ट्रात चांगलं चालत असतं तर हा वाद या थराला गेला नसता. या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे लोक माझ्याशी भांडतात, म्हणजे बहुधा मी बरोबर असेन.

चपलेची गोष्ट थोडक्यात. प्राडानं मिलानमध्ये पुरुषांच्या शोमध्ये चप्पल दाखवली, नाव दिलं लेदर सँडल. आमचं रक्त उसळलं. 2019 पासून कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. हे कर्नाटकातले चार आमच्या आरडाओरड्यात सोयीस्कर गळाले, पण निपाणी-अथणीची चप्पल कोल्हापुरी म्हणून विकतो कोण, आम्हीच ना! पुढं कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा कोल्हापुरीची, त्यांची माणसं येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून 2000 जोड, किंमत सुमारे 800 युरो.

माझ्या ओळखीची एक बाई सुभाषनगरात चपलेच्या वेण्या घालते. नवरा रापीनं तळ कापतो, ठोकतो, शिवतो. पट्ट्यावरची बारीक वेणी मात्र घरातल्या बायकांची. पातळ वादी पाण्यात भिजवायची, ओली असतानाच ओढून विणायची, वाळली की ती आपोआप आवळते. ओढताना अंगठ्याच्या पेराला घट्टा पडतो, तिचा आता खिळ्यासारखा कडक झालाय. प्राडाचं सांगितल्यावर ती म्हणाली, ‘800 युरो म्हणजे किती?’ सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, ‘वेणीचं किती त्यात?’ मला सांगता आलं नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तुमी शेवटची कवा घेतलासा?’ माझ्या पायात स्पोर्ट्स शूज होते, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले. घरी लग्नातला एक जोड आहे, फडताळात. चप्पल लाईनीतून गेले की पाहुण्यांना घेऊन देते, स्वतःला नाही. मंगळवार पेठेत मी एकटी अशी नाही. कातडं महाग झालं, 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर मिळायचीही अडचण झाली, रेक्झिनची नक्कल निम्म्या किमतीत आली, हे सगळं प्राडाच्या कितीतरी आधीचं. तेव्हा कुणी पेटून उठलं नव्हतं, कारण तेव्हा भांडायला समोर इटलीतला कुणी नव्हता.

सर्किट बेंचचं तेवढं निराळं. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी ते किती दशकं लावून धरलं, कोर्टाचं काम बंद ठेवून, उपोषणं करून, दर नव्या सरकारकडं पुन्हा पहिल्यापासून अर्ज घेऊन जाऊन. 2025 च्या 17 ऑगस्टला उद्घाटन झालं तेव्हा लढ्यातले कितीतरी ज्येष्ठ हयात नव्हते. त्यात नाटक कमी होतं म्हणून असेल, गल्लीत त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

नोव्हेंबरात आणखी एक रात्र आली, आनंदाची. नवी मुंबईत 2 तारखेला बायकांच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक घेतला. स्मृती मानधना सांगलीची, म्हणजे आमच्या शेजारची, तेव्हा अर्धा चषक आमचाच. तालमीतली पोरं रात्री बारानंतर गाड्या काढून फिरली, हलग्या वाजल्या. कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी खेळली होती, हे त्यातल्या एकालाच माहीत होतं, आणि तोही तिच्या गल्लीत राहायचा म्हणून. दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेतल्या सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, आपल्या टीमला ग्राउंड कधी मिळणार?’ ती सराव करते तिथं आधी मोठ्या मुलांचं क्रिकेट, मग फुटबॉल, आणि अंधार पडायच्या आधी जी वीस मिनिटं उरतात ती पोरींची. कधी तीही नाहीत. मी तालमीच्या खजिनदाराला, म्हणजे सख्ख्या भावालाच, विचारलं. तुमची पोरं चषकासाठी रात्रभर हलगी वाजवतात, आठवड्यातला एक दिवस पूर्ण संध्याकाळ पोरींना सोडतील का? तो म्हणाला, बघू, सीझन चालू आहे. कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन कधी संपतो हे मला अजून कळायचंय.

जानेवारीत महापालिकेचा प्रचार आला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता पत्रकं घेऊन दारात उभा राहिला. नम्र, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. पत्रकात नाट्यगृह होतं, हत्तीण होती, चप्पलही होती; एका पानात वर्षभराचं सगळं कोल्हापूर. ‘काकू, थिएटरच्या उद्घाटनाला तुम्हाला पहिल्या रांगेत बसवतो,’ म्हणाला. मी म्हटलं, रांग नको, माझी जागा विंगेत असते. तू मला एवढंच सांग, थिएटर सुरू झाल्यावर दर सहा महिन्यांनी तिथलं वायरिंग तपासणार कोण आणि तपासलं की नाही हे मी कुणाला विचारायचं? त्यानं मान डोलावली, ‘चांगला पॉइंट आहे’ म्हणाला आणि खिशातून वही काढली. मला बरं वाटलं.

‘घरात मतं किती?’ त्यानं विचारलं.

‘चार. पण दोघं पुण्यात असतात.’

तेवढं त्यानं लिहून घेतलं, गाडीची सोय करू म्हणाला, आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.